पाच मिलिअँपिअरचा पहारेकरी

आमच्या आजीची रक्तदाबाची गोळी रोज रात्री आठला असते आणि ती रोज विसरली जाते. घरात इंजिनिअर नातू असताना हे चालेल कसं? म्हणून मी एक डबी बनवली. आत एक मायक्रोकंट्रोलर, एक बझर, एक बटण. आठ वाजले की डबी कोकलणार, आजीने गोळी घेऊन बटण दाबलं की गप्प. गावाला विजेचा नेम नाही, म्हणून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मायक्रोकंट्रोलरला हवेत ५ व्होल्ट, म्हणून मधे ७८०५ हा रेग्युलेटर. कॉलेजपासून हाताला लागलेली सवय! एका पायात घाला, मधला ग्राउंडला, तिसऱ्यातून ५ व्होल्ट काढा. विचार करायचाच नाही.

तिसऱ्या दिवशी आजीचा फोन, "तुझं यंत्र मुकं झालं रे."

दुकानदाराने जुनी बॅटरी गळ्यात मारली असणार असं म्हणून मी मोकळा झालो. नवी घातली. पुन्हा तिसऱ्या दिवशी तेच. या गोंधळात आजीच्या दोन गोळ्या चुकल्या, कारण आता ती घड्याळाऐवजी डबीवर विसंबली होती. मग मात्र शनिवारी मल्टिमीटर घेऊन गाव गाठलं.

बॅटरी ७.२ व्होल्ट, रेग्युलेटरच्या बाहेर बरोबर ५. म्हणजे सगळं ठीक! तेवढ्यात सुचलं, की मी मोजतोय तेव्हा डबी झोपलेली आहे. मीटर तसाच लावून ठेवला आणि बझर वाजवला. बॅटरी धाडकन ५.६ वर आणि बाहेरचे ५ व्होल्ट ३.९ वर. ४ च्या खाली गेलं की मायक्रोकंट्रोलरने रीसेट व्हायचं हे मीच ठरवलेलं. म्हणजे नेमकं ओरडायच्या क्षणी डबी बेशुद्ध पडत होती आणि उठल्यावर कुणीतरी वेळ लावून देईल म्हणून वाट बघत बसत होती.

आता दोन प्रश्न उरले. ५ व्होल्ट द्यायला ५.६ का पुरू नयेत? आणि दिवसभर झोपणाऱ्या डबीची बॅटरी तीन दिवसांत खाल्ली कुणी?

दोन्हींची उत्तरं साधारण पन्नास-साठ वर्षं मागे जातात. १९६० च्या दशकात टीटीएल नावाचं लॉजिक आलं आणि त्याच्याबरोबर ५ व्होल्टचं राज्य. कॉम्प्युटरच्या कपाटात अशी डझनावारी कार्डं. एकाच मोठ्या सप्लायमधून सगळ्यांना ५ व्होल्ट पोचवायचे तर वाटेतल्या तारांवरच व्होल्टेज सांडायचं, आणि एका कार्डाचा गोंगाट दुसऱ्याला ऐकू जायचा. यावर उपाय म्हणजे प्रत्येक कार्डाला स्वतःचा छोटा रेग्युलेटर. पण एकाच चिपवर अँपिअरभर करंट सांभाळणारा ट्रान्झिस्टर तापणार आणि शेजारच्या नाजूक सर्किटला बिघडवणार, ही भीती होती. १९७० च्या सुमारास नॅशनल सेमीकंडक्टरमधल्या बॉब विडलरने ते जमवून दाखवलं. त्याच्या एलएम१०९ ला तीनच पाय होते. त्यात त्याने तापमानाने फारसा न हलणारा बँडगॅप रेफरन्स वापरला आणि फार तापलं की स्वतःच बंद होण्याची सोयही ठेवली. पुढे फेअरचाइल्डची ७८०० मालिका आली आणि तीन पायांचा रेग्युलेटर गल्लोगल्ली पोचला.

आता त्या कार्डाच्या जागी बसून विचार करा. वीज भिंतीतून येतेय, ट्रान्सफॉर्मर आहे, आत ८ काय नि १० काय, हवे तेवढे व्होल्ट मिळतात. म्हणून आउटपुटला दोन एनपीएन ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ जोडले. प्रत्येकाचे ०.७ व्होल्ट, वर त्यांना चालवणाऱ्या सर्किटची गरज, असं करत डोक्यावर सुमारे २ व्होल्ट मोकळे लागतात. करंट कमी असेल तर थोडे कमी, एवढंच. बझरच्या वेळी माझ्या डबीत ते १.७ होते. शिवाय चिप स्वतःसाठी सुमारे ५ मिलिअँपिअर घेते. अँपिअरभर खाणाऱ्या कार्डावर याचा हिशोब कोण ठेवणार?

माझ्या डबीत मात्र मायक्रोकंट्रोलर झोपेत काही मायक्रोअँपिअरच खातो. चौकोनी अल्कलाइन बॅटरीत धरा ५०० मिलिअँपिअर-तास. भागिले ५, म्हणजे १०० तास. चार दिवस. त्यातही ७ व्होल्टच्या खालची बॅटरी मला जवळजवळ निरुपयोगी, म्हणून तीनच. घरात चोरण्यासारखं काही नाही, आणि सगळा पगार पहारेकऱ्याला!

ही अडचण गाड्यावाल्यांना आधीच आली होती. थंडीत गाडी सुरू करताना १२ व्होल्टची बॅटरी ६ च्या आसपास कोसळते, आणि नेमक्या त्याच वेळी इलेक्ट्रॉनिक्सला ५ व्होल्ट हवे असतात. म्हणून आउटपुटला पीएनपी ट्रान्झिस्टर वापरणारे 'लो ड्रॉपआउट' रेग्युलेटर आले. त्यांना अर्ध्या व्होल्टच्या आसपास पुरतं. मग हातात धरायची यंत्रं वाढली, तशी स्वतःची भूकही कमी असलेले आले. त्यातला एलपी२९५० मी आणला. भूक ७५ मायक्रोअँपिअर. पुन्हा भागाकार, साधारण २७५ दिवस.

बसवला, आणि डबी वाटेल तेव्हा रीसेट व्हायला लागली :) मीटरवर स्वच्छ ५.० दिसत होते. शेवटी मित्राकडच्या ऑसिलोस्कोपवर बघितलं, तर त्या ५ व्होल्टवर छान लाटा उठलेल्या. पीएनपीमध्ये आउटपुट कलेक्टरवरून निघतं, त्यामुळे सर्किट स्थिर राहणं बाहेरच्या कॅपॅसिटरवर अवलंबून असतं. मी सवयीने ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावला होता. ७८०५ ने तो मुकाट चालवून घेतला असता. डेटाशीटमध्ये मात्र किमान १ मायक्रोफॅरड स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि तेव्हाचा रिवाज टँटॅलमचा. सिरॅमिकचा अंतर्गत रोध फारच कमी असतो, आणि या डिझाइनला तो थोडासा हवाच असतो. कॅपॅसिटर बदलला, लाटा शांत.

गंमत म्हणजे भिंतीतल्या विजेसाठी ती चिप करणाऱ्या विडलरनेच १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एलएम१० बनवली. तिच्यात अँप्लिफायर आणि रेफरन्स दोन्ही, आणि ती १.१ व्होल्टवर, म्हणजे थकत आलेल्या एका सेलवरही चालते. वीज कुठून येणार हे बदललं, तसा त्याने विचार नव्याने केला. मी मात्र त्याच्या जुन्या उत्तराची पुढची पिढी उचलून आजीच्या डबीत बसवली, प्रश्न न वाचताच. दुकानदार बिचारा निर्दोष होता.

डबी आता रोज आठला ओरडते. आजी म्हणते, आवाज जरा कमी कर. बघू, पुढच्या शनिवारी.