तोतयाचे पत्र

'तोतया' हा शब्द उच्चारताच मराठी माणसाला पानिपत आठवते. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीचा संशय वर्षानुवर्षे मिटला नाही. त्याचा लाभ घेऊन सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊसाहेब' म्हणत पुढे आला. चौकशीअंती तो तोतया ठरला व कैदेत पडला. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटताच कोकणात त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. भाऊसाहेब परतावेत या लोकांच्या आशेवरच त्याचे बंड उभे होते.

आजचा तोतया बँकेच्या नावाने ई-मेल धाडतो आणि आशेऐवजी बहुधा भीतीवर जगतो. 'आज रात्री आपले खाते बंद होईल, केवायसी त्वरित पूर्ण करा.' पुसदला कापसाचे पैसे वा निवृत्तिवेतन ज्याच्या खात्यात पडते, त्याचा जीव एवढ्याने कासावीस होतो. ही विद्या १९९० च्या दशकात अमेरिकेत 'फिशिंग' या नावाने रूढ झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरविली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने संगणकाद्वारे केलेल्या तोतयेगिरीस तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली.

आपले पूर्वज कागदावर सहज विश्वास टाकीत नसत. राजपत्राच्या अखेरीस मोर्तब असे, म्हणजे खाली कोणी मजकूर घुसडू नये. हुंडीत रकमेबरोबर तिचे निमेही लिहीत, म्हणजे आकडा बदलता येऊ नये. आजचे मोर्तब पत्त्यात असते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे '.बँक.इन' या राखीव नावाखाली आणण्यास सांगितले. हे नाव रोमन लिपीत, पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी असावे. त्यापुढे आणखी ठिपका व शब्द जोडलेला असेल तर ते तोतयाचे घर समजावे. बोधचिन्ह पाहून भुलू नये, कारण त्याची नक्कल क्षणात होते. पाठविणाऱ्याचे नावही खोटे घालता येते. पत्रातील दुव्यावर बोट न ठेवता पासबुकावरील क्रमांकावर विचारावे. खरी बँक ओटीपी, पिन वा पासवर्ड कधीच मागत नाही.

आणि फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ बँकेला कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी. विलंबाने पैसे हातचे जातात. भाऊसाहेबांच्या तोतयाला ओळखण्यास पेशवाईला पंचांची चौकशी बसवावी लागली. आपल्याला मात्र पत्र बाजूला ठेवून घटकाभर थांबणे पुरते.