अकरा ते पाच

मुलींच्या शाळेचा निकाल लागला, की इंग्रजीत कोणास किती गुण पडले आणि साहित्यात कोण पहिली आली, एवढेच आपण पाहतो. हे गुण कोणत्या भांडवलावर मिळाले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. पुण्याच्या हुजूरपागा शाळेच्या इतिहासावरून तो मांडून पाहावा, असे आम्हांस वाटते.

न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदी मंडळींनी १८८४ साली ही शाळा काढली. पेशव्यांची पागा जेथे होती, तेथे पुढे मुली इंग्रजीचे धडे घोकू लागल्या. हे सुखासुखी झाले नाही. शाळेसाठी खटपट चालू असताना रमाबाई रानड्यांनी गव्हर्नरांपुढे भरसभेत इंग्रजी मानपत्र वाचले. त्याबद्दल घरच्या बायकांचे टोमणे त्यांना कसे ऐकावे लागले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

१८८७ साली शाळेच्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या 'मराठा' पत्राने कडक टीका केली. मुलींना इंग्रजी कशाला, हा एक आक्षेप. आणि शाळेची वेळ अकरा ते पाच असल्यावर मुली घरकाम कधी शिकणार, हा दुसरा. टिळकांच्या देशसेवेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु मुलींना इंग्रजी नको, हे सांगणारे पत्र स्वतः इंग्रजीतच निघत होते, हे विसरून कसे चालेल?

आमचा जन्म कामगार चळवळीत गेला. तासांचा हिशेब हीच आमची बाराखडी. म्हणून या वादाचे मर्म आम्हांस दुसऱ्या आक्षेपात दिसते. भांडण शेक्सपिअरचे नव्हतेच. मुलीच्या दिवसातले सहा तास कोणाच्या मालकीचे, याचे ते भांडण होते. चारच वर्षांनी, १८९१ साली, सरकारने कारखान्यांचा कायदा सुधारला आणि बाईच्या कामाला दिवसाकाठी अकरा तासांची मर्यादा घातली. म्हणजे अकरा तास राबणे कायदेशीर ठरले! गिरणीतल्या बाईची चूल त्या वेळात कोण पेटवीत होते? बाईचे अकरा तास यंत्राला चालत होते, मुलीचे सहा तास पुस्तकाला मात्र जड होत होते.

ते सहा तास शाळेने सोडले नाहीत. त्याचे फळ काय? इरावती कर्वे लहानपणीच या शाळेच्या वसतिगृहात आल्या आणि १९२२ साली मॅट्रिक झाल्या. भारतीय आप्तसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. 'युगान्त' मात्र त्यांनी मराठीत लिहिले आणि त्याला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शान्ता शेळके याच शाळेच्या. लुइझा मे अल्कॉटची अमेरिकन कादंबरी त्यांनी 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी ती वाचली. इंग्रजीने मुली परक्या होतील, हे भाकीत असे खोटे ठरले. त्या इंग्रजीची मिळकत मराठीच्याच घरात आली.

बुद्धी कोणा एका घराची मिरास नाही. मोकळा वेळ मात्र आजही सर्वांना सारखा मिळत नाही. धुणीभांडी आणि धाकटी भावंडे सांभाळून वर्गात बसणाऱ्या मुलीला इंग्रजीत कमी गुण पडले, तर तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा: अकरा ते पाच शाळेचे, पाचनंतरचा एक तरी तास आपण तिचा राहू दिला का?