ज्ञानोदयाची तत्त्वे व आधुनिक समाज

ज्ञानोदय ही यूरोपातील मुख्यतः अठराव्या शतकातील वैचारिक चळवळ. परंपरेऐवजी बुद्धीचे प्रामाण्य मानणे, हे तिचे प्रमुख लक्षण होय. स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य, असा तिचा आशय इमॅन्युएल कांटने १७८४ मध्ये विशद केला.

फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने २६ ऑगस्ट १७८९ रोजी मानवी व नागरी हक्कांचा जाहीरनामा संमत करून या तत्त्वांना राजकीय रूप दिले; तथापि त्यातील ‘मानव’ या संज्ञेची व्याप्ती व्यवहारात संकुचितच राहिली. ऑलँप द गूझ हिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. परंतु फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडले. सँ-दॉमँग वसाहतीतील गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला. त्यानंतर १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनच्या राजवटीत १८०२ मध्ये ती पुन्हा प्रस्थापित झाली आणि तिचे अंतिम निर्मूलन १८४८ मध्ये झाले. ही वसाहत १८०४ मध्ये हैती या नावाने स्वतंत्र झाली, तेव्हा या स्वातंत्र्यास मान्यता देण्यासाठी फ्रान्सने १८२५ मध्ये तिच्याकडे १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली.

या तत्त्वांचा विस्तार बहुधा त्यांतून वगळलेल्यांनीच घडवून आणला. महाराष्ट्रात टॉमस पेनच्या ग्रंथाने प्रभावित झालेल्या जोतीराव फुले यांनी जातिव्यवस्थेच्या चिकित्सेसाठी ती वापरली. आधुनिक समाजाने हे आदर्श कायद्यात बव्हंशी स्वीकारले आहेत. आचरणात मात्र ते अद्याप अपुरे आहेत. तरीही या उणिवेचे मोजमाप त्याच आदर्शांच्या आधारे होते, हे त्यांचे चिरस्थायी महत्त्व होय.