शिरूर ते दौंड : नकाशावर कोऱ्या दिसणाऱ्या वाटेचा इतिहास

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मोआबचं नाव निघालं नाही असा महिना जात नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातलं हे छोटं वाळवंटी गाव. तिथल्या खडकांवर सायकल चालवायला जगभरातून लोक येतात. व्हिडिओ बघून वाटतं, निसर्गाने ही जागा सायकलींसाठीच घडवली असावी. पण 1952 मध्ये चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भतज्ज्ञाला या भागात युरेनियमचा मोठा साठा सापडला. मग नशीब काढायला माणसं आली आणि त्यांनी डोंगरांतून कच्चे रस्ते पाडले. पुढे युरेनियमची मागणी ओसरली, खाणी बंद पडल्या, रस्ते मात्र राहिले. 1969 मध्ये मोटरसायकलवाल्यांनी प्रसिद्ध ‘स्लिकरॉक’ वाट आखली. सायकली आल्या त्या ऐंशीच्या दशकात.

आपण हौसेने जिला ट्रेल म्हणतो, ती अनेकदा कुणाच्या तरी पोटापाण्याची वाट असते.

मोआब आमच्या बजेटबाहेरचं, म्हणून आम्ही चौघांनी घराजवळचा कोरडा पट्टा निवडला. शिरूरहून निघायचं, थोडी वाट वाकडी करून करडे गावाला जायचं, मग न्हावरे, पारगावजवळ भीमा ओलांडून केडगाव आणि शेवटी दौंड. सह्याद्रीवर बरसून ढग इथे येईपर्यंत जवळपास रिकामे झालेले असतात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मोआबच्या दुप्पट, त्यामुळे याला वाळवंट म्हणता येणार नाही. पण एक पावसाळा हुकला तरी इथे काय होतं, ते पुढे येईलच.

मार्गाची जीपीएक्स फाइल बनवताना ॲपमधला बराचसा भाग कोरा दिसत होता. एका मित्राने त्यावर शेरा मारला, ‘इथे काहीच नाही, मस्त!’ त्या ‘काहीच नाही’चा मी शोध घेत गेलो.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. 1802 च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांनी इथे फौजेचा तळ ठेवला. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटन सुमारे आठशे माणसं आणि दोन तोफा घेऊन इथूनच पुण्याकडे निघाला. रात्रभर चालून सकाळी हे सैनिक भीमेकाठी कोरेगावला पोहोचले आणि थेट पेशव्यांच्या फौजेसमोर आले. दिवसभर लढाई चालली, तीही अन्नपाण्याशिवाय. नदी डोळ्यांसमोर होती, पण पाण्यापर्यंत पोहोचणंच अवघड होतं. तिथल्या जयस्तंभावर मारल्या गेलेल्या महार सैनिकांची नावं आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले होते. आमचा रस्ता शिरूरहून उलट्या दिशेने जातो, पण ‘दर वीस किलोमीटरला पाणी’ असं फाइलमध्ये लिहिताना तो दिवस आठवतोच.

करडे हे शिरूर तालुक्यातलं गाव. त्याच्या गोष्टीची एक दोरी पुन्हा अमेरिकेत बांधलेली आहे. तिथल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमिनीचा सारा वाढवला. शेतकरी दोन्हीकडून अडकला. डिसेंबर 1874 मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूम मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. त्यावर गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांचं शेत कुणी कसेना, हजामत करेना, पाणी भरेना. हे लोण आसपासच्या गावांत पसरलं. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात उठाव झाला आणि कर्जाची कागदपत्रं जाळली गेली. हेच ‘दख्खनचे दंगे’. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. त्याची सुरुवात आमच्या फाइलमधल्या त्या कोऱ्या भागात आहे.

त्यानंतर वर्षभरातच, 1876 मध्ये पाऊस पडला नाही. दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांना लावण्यात आलं. जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने दुष्काळी कामांवरची मजुरी घटवली गेली. दिवसभर खोदकाम करणाऱ्या माणसाला जेमतेम एक पौंड धान्य मिळू लागलं. दख्खनमध्ये ठिकठिकाणी मजुरांनी काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. 1878 मध्ये ही रेल्वे सुरू झाली. आज दौंडहून नगरकडे जाणारी गाडी त्याच मार्गाने जाते. माती टाकणाऱ्यांच्या नावाची पाटी मात्र कुठे नाही.

केडगाव याच पट्ट्यातलं. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकातच दुष्काळात उपासमारीने गेले होते. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना आसरा मिळाला केडगावच्या माळावर रमाबाईंनी घेतलेल्या जमिनीत. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला. तेच मुक्ती मिशन. 1922 मध्ये रमाबाई तिथेच वारल्या.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, तेव्हा तो मित्र म्हणाला, ‘अरे, आपण राइडला चाललोय, परीक्षेला नाही.’ त्याचंही बरोबर आहे. दमलेल्या माणसाला सनावळ्या नको असतात. पण ज्या जमिनीला आपण ‘काहीच नाही’ म्हणतो, तिथे मग कचरा टाकायला आणि मेंढ्यांच्या कुरणातून गाडी घालायला कुणाचाच हात कचरत नाही. मोकळ्या माळावर कुणाची तरी मेंढरं चरत असतात, हे माहीत असलं की चाक आपोआप पायवाटेवर राहतं.

बाकी प्लॅन साधा आहे. पावसाळ्यानंतर जायचं. वेड्या बाभळीचे काटे आहेत, म्हणून प्रत्येकी दोन जादा ट्यूब. इथल्या उसात बिबटे असतात, त्यामुळे अंधारात सायकल चालवायची नाही. दौंडहून रेल्वेने परत. पाण्याच्या जागा ॲपमध्ये सापडत नाहीत, त्या गावात थांबून विचाराव्या लागतील. करड्याला मी पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारणार आहे : त्या बहिष्काराची आठवण गावात अजून कुणी सांगतं का?