धातूवरची साय



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे ते विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकवले. तरीही आज मी धातुकामाच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण निवडले आहे. ते माझे नव्हे, माझ्या थोरल्या बंधूंचे. दादा याच शाळेचे विद्यार्थी होते. ते आता हयात नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मी त्यांच्या हयातीत नीट ऐकून घेतले नाही.

आठवीच्या वर्गात गुरुजींनी केलेला एक प्रयोग आमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा त्यांनी पॉलिश कागदाने घासला आणि त्यावर पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणाचे थेंब सोडले. पाहता पाहता पत्र्यावर पांढरी, पिसांसारखी लव उगवू लागली. (पारा विषारी, आज कोणी हा प्रयोग वर्गात करू नये.) ती लव म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड. एरवी हेच ऑक्साइड मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ अशी साय होऊन धातूला चिकटून बसते आणि आतल्या धातूचे हवेपासून रक्षण करते. पारा त्या सायीला चिकटू देत नाही. आपल्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी पांढरी भुकटी निघते, तीही रसायनदृष्ट्या हीच. धातू ६६० अंशांना वितळतो, त्याची साय मात्र दोन हजार अंशांच्याही पुढे. शिवाय ती कठीण आणि ठिसूळ. बाहेर असते तोवर ती कवच असते. धातूच्या पोटात शिरली की तिचाच खडा होतो.

ती पोटात शिरते कशी, हे कळण्यासाठी स्वयंपाकघरातला सोऱ्या आठवावा. पीठ भरायचे, दट्ट्या दाबायचा, चकतीतून शेव बाहेर. ‘बहिःसारण’ हा संस्कृत घडणीचा शब्द वर्गात शिकवताना माझीच जीभ अडखळे. सोऱ्या म्हटले की मुलांना तत्काळ कळे. धातूचा पहिला सोऱ्या इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९७ मध्ये शिशाच्या नळ्यांसाठी पेटंट केला. १८२० मध्ये टॉमस बर याने त्याला पाण्याच्या दाबाची जोड दिली. पुढे विजेच्या तारांवर शिशाचे आवरण चढवण्यास हीच युक्ती वापरली गेली, आणि तेथेच सायीने पहिला मोठा त्रास दिला. वितळलेले शिसे नळकांड्यात ओतावे, ते थिजावे, दाबून संपत आले की पुन्हा ओतावे. दोन ओतींच्या मध्ये पहिल्या शिशाच्या तोंडावरची मळी अडकून राही. तेवढ्या जागी आवरणाचा सांधा कच्चा राही, तो उकले, आणि आतल्या कागदी वेष्टनाला ओल लागे. म्हणून कारागीर दर वेळी वरची साय काढून टाकीत. घरी तूप कढवणाऱ्या बाईला हे निराळे सांगायला नको.

१८९४ मध्ये अलेक्झांडर डिक याने पितळेसारखे कठीण धातू तापवून दाबण्याची रीत बसवली. तापल्या पितळेवर साय झपाट्याने धरते. कारागिरांनी तोड काढली ती मला फार सुंदर वाटते. दट्ट्याची चकती त्यांनी नळकांड्यापेक्षा किंचित लहान ठेवली. त्यामुळे धातूची बाहेरची काळवंडलेली साल नळकांड्याच्या भिंतीलाच चिकटून मागे राही, आणि आतला स्वच्छ गाभा तेवढा पुढे जाई. शिवाय शेवटी उरलेला तुकडा कापून फेकून द्यायचा, कारण साल ओढली जाऊन अखेर मध्यभागी गोळा होते ती तिथेच.

या साऱ्या तोडी थांबण्यावर उभ्या होत्या. थांबा, साय काढा, शेपूट कापा. न थांबणारा सोऱ्या आला तेव्हा त्या निरुपयोगी झाल्या.

तो सोऱ्या इंग्लंडातील प्रेस्टनजवळच्या स्प्रिंगफील्ड्स येथे, ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या प्रयोगशाळेत, डेरेक ग्रीन यांनी सिद्ध केला. त्यांचा निबंध १९७२ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सच्या नियतकालिकात आला. ‘कॉन्फॉर्म’ हे त्याचे नाव. यात दट्ट्याच नाही. फिरत्या चाकाच्या कडेला खाच असते. तिच्यात सळई घालायची. बाहेरून एक स्थिर ठोकळा ती खाच झाकतो आणि पुढे वाट अडवतो. चाकाच्या घर्षणाने सळई ओढली जाते, दबते, आपल्याच घर्षणाने तापते आणि साच्यातून पट्टी होऊन बाहेर पडते. निराळी भट्टी लागत नाही. एक सळई संपताना दुसरी जोडली की काम अखंड चालते.

पण नळकांडेच नाही, तेव्हा साल मागे ठेवायची कुठे? फटीतून थोडा धातू निसटतो, त्याबरोबर काही मळ जातो, उरलेला आत. त्यातून सळई बारीक. मी कागदावर हिशेब करून पाहिला: साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या सळईला, १९० मिलिमीटर जाडीच्या ओंडक्याच्या मानाने, तेवढ्याच धातूमागे वीसपट बाहेरचा पृष्ठभाग असतो. वीसपट साय, आणि ती टाकायला जागा नाही.

दादा १९८० च्या दशकात अशाच एका यंत्रावर होते. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी निघे. एका पावसाळ्यात पट्टीवर बारीक फोड येऊ लागले. फोडामुळे पट्टीवरचा कागद फाटे, माल परत येई. दोष यंत्रचालकाच्या हाताचा, असा निर्णय झाला. दादांचे म्हणणे साधे होते. गोदामाचे छप्पर गळते, सळयांची वेटोळी भिजतात, त्यांवर पांढरे डाग पडतात. ती साय नेहमीची नव्हे. ती जाड, आणि पाणी धरून ठेवणारी. ते पाणी तापल्या धातूशी भिडले की हायड्रोजन सुटतो आणि कोंडला की फोड येतो. त्यांनी हे लिहूनही दिले. वर्षअखेर त्यांची नोकरी गेली. घरी ते सांगू लागत तेव्हा मी प्रबंधाचे मुद्रितशोधन करीत असे, आणि मान हलवून ‘हो, हो’ म्हणत असे.

त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळले. आज सळई यंत्रात शिरण्याआधी तारेच्या ब्रशांनी घासतात, किंवा गरम कॉस्टिकमध्ये धुऊन, खळबळून, कोरडी करतात. कोठे अतिध्वनीचीही मदत घेतात. ब्रश मळला की तो मळ चोळूनच बसवतो, म्हणून तोही बदलावा लागतो. तांब्याचे प्रकरण आणखी नाजूक. आपल्याकडे ताक कळकते ते तांब्यापितळेच्या भांड्यात, हे आजीला ठाऊक होते. तापलेले तांबे तर हवा लागताच काळे पडते. म्हणून तेथे नायट्रोजनच्या आडोशात काम चालते आणि बाहेर पडणारी तार नळीतल्या पाण्यात निववतात. त्या पाण्यात काही ठिकाणी थोडे अल्कोहोलही घालतात. अ‍ॅल्युमिनियमवरची साय मात्र कायमची जात नाहीच. घासल्या क्षणी नवी धरते. प्रयत्न एवढाच, की ती पातळ, कोरडी आणि निर्मळ असावी. मग दाबाखाली तिचे तुकडे होतात आणि मधला ताजा धातू धातूला भिडतो.

दादांची एक शंभर पानी वही माझ्याकडे आहे. तीत त्या पावसाळ्यातील प्रत्येक पाळीची नोंद आहे: कोणते वेटोळे, कुठे ठेवलेले, भिजलेले की कोरडे, फोड किती. पहिल्या पानावर त्यांनी गुरुजींच्या त्या प्रयोगाची आकृती काढली आहे, पत्र्यावरच्या पांढऱ्या पिसांसह. ही वही आज मी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. ती प्रयोगशाळेच्या कपाटात राहावी, ग्रंथालयाच्या नव्हे, एवढी माझी विनंती आहे.