एमएस आणि आहार : ताटात काय असावे?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील नसांच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. त्यातून थकवा, मुंग्या, धूसर दिसणे, तोल जाणे असे त्रास होतात.

घरात कुणाला एमएस निघाला की 'हे खा, ते सोडा' असे सल्ले सुरू होतात. आम्ही स्पष्ट सांगतो, आहाराने एमएस बरा होतो हे सिद्ध झालेले नाही. डॉ. रॉय स्वँक यांनी १९४० च्या दशकाअखेर कॅनडात कमी चरबीचा आहार सुचवला. पण त्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

तरीही ताट महत्त्वाचे आहे. डाळी, भाज्या, फळे, मासळी जास्त. तळण आणि वनस्पती तूप कमी. याने वजन व हृदय सांभाळले जाते, पोट साफ राहते. वारंवार लघवी लागते म्हणून पाणी तोडू नका. त्याने बद्धकोष्ठता आणि लघवीचा संसर्ग वाढतो. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, पण गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच. जादा डोसने किडनीला इजा होते.

रमजानपूर्वी औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारा. अंग तापले की त्रास तात्पुरता वाढतो, म्हणून उन्हाळ्यातील रोजे जड जातात. आजाऱ्याला रोज्यातून सवलत इस्लामनेच दिली आहे. कजा की फिदया, हे आलिमांना विचारा. घरच्यांनी टोमणे मारू नयेत.

आणि पथ्य सुरू केले म्हणून औषध बंद करू नका.