वचन कोणाला दिलं होतं? ब्रिटनचा सिंकिंग फंड, १७१७ ते १७३३

‘सिंकिंग फंड’ हे शब्द फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलावर त्याची एक ओळ असते. आपण ती रक्कम मुकाट्याने भरतो, आणि इमारतीचं मोठं काम निघालं की ‘तो पैसा कुठे गेला?’ म्हणून सर्वसाधारण सभेत आवाज चढतात. हे शब्द जगात गाजले ते मात्र इमारतींमुळे नाही, एका राष्ट्राच्या कर्जामुळे. आणि तिथेही पुढे प्रश्न तोच आला, की तो पैसा कुठे गेला?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, अर्थशास्त्राचा नाही. त्यामुळे आकडे लागतील तेवढेच सांगेन. माझं कुतूहल वेगळं आहे. संसद जेव्हा कायद्याने वचन देते, तेव्हा ते वचन नेमकं कोणाला दिलेलं असतं?

थोडी पार्श्वभूमी. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कर्ज घ्यायचा तो राजा. राजा म्हणजे सगळ्यात धोक्याचं कूळ, कारण त्याच्यावर दावा कुठे लावणार? १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने खजिन्यातून होणारी परतफेड सरळ थांबवली आणि लंडनचे सोनार-सावकार बुडाले. १६८८ ची राज्यक्रांती झाली, पुढच्याच वर्षी ‘संसदेच्या संमतीशिवाय कर नाही’ हे तत्त्व कायद्यात आलं, आणि कर्जाचं स्वरूपच पालटलं. आता ऋणको राजा नव्हता, संसद होती. प्रत्येक कर्जाबरोबर एक कायदा व्हायचा, आणि त्या कायद्यात कोणत्या कराच्या उत्पन्नातून व्याज दिलं जाईल ते लिहिलेलं असायचं. बँक ऑफ इंग्लंड ज्या १६९४ च्या कायद्यातून उभी राहिली, त्याचं लांबलचक शीर्षक बँकेपासून सुरू होतच नाही. ते सुरू होतं जहाजांच्या टनभारावरच्या आणि बिअरवरच्या करापासून. सरकारला १२ लाख पौंड हवे होते, व्याज ८ टक्के, आणि व्याजाचा पैसा यायचा जहाजांतून आणि पिंपांतून. बँक ही त्या व्यवहाराची जोडनिष्पत्ती म्हणायची.

हे यंत्र उत्तम चाललं. इतकं, की फ्रान्सशी झालेल्या दोन प्रदीर्घ युद्धांनंतर, १७२० च्या दशकात, कर्ज ५ कोटी पौंडांच्या आसपास पोचलं आणि सरकारच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा भाग व्याजातच जाऊ लागला. व्याजासाठी साबण, मेणबत्त्या, कातडं, कागद यांवर कर बसले होते. मेणबत्ती म्हटल्यावर आपल्याला वाढदिवस आठवतो. तिथे हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो. मेणबत्तीवरचा कर म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईच्या संध्याकाळवरचा कर.

१७१७ मध्ये सिंकिंग फंड आला. सरकारी मराठीत त्याला ऋणपरिशोध निधी म्हणतात. योजना रॉबर्ट वॉलपोलची. कायदा होईपर्यंत तो मंत्रिमंडळातून बाहेर पडला होता, पण बाळ त्याचंच. कल्पना साधी होती. बाजारातला व्याजदर उतरला होता, तेव्हा सरकारने धनकोंना सांगितलं, ६ ऐवजी ५ टक्के घ्या, नाहीतर मुद्दल परत घ्या. बहुतेकांनी ५ टक्के पत्करले. पुढे १७२७ मध्ये हाच दर ४ वर आला. वाचलेलं व्याज आणि कर्जासाठी तोडून दिलेल्या करांतली शिल्लक एका निधीत जायची, आणि २५ डिसेंबर १७१६ पूर्वीचं कर्ज त्यातून फेडायचं. दुसऱ्या कोणत्याही कामासाठी तो पैसा वापरायचा नाही, हे कायद्यात अगदी आडवळणाने नाही, ठणकावून लिहिलं होतं.

आता त्या संसदेत बसलं कोण होतं ते पाहू. १७११ च्या कायद्याप्रमाणे परगण्याच्या सदस्याला वर्षाला ६०० पौंडांचं आणि शहराच्या सदस्याला ३०० पौंडांचं जमिनीचं उत्पन्न असावं लागे. पळवाटा होत्याच, पण सभागृह मुळात जमीनवाल्यांचं. युद्धकाळात त्यांच्यावर पौंडामागे ४ शिलिंग जमीन कर होता, म्हणजे कागदोपत्री उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. तो कमी व्हावा ही त्यांची तीव्र इच्छा. वॉलपोल स्वतः नॉरफॉकचा जमीनदार. त्याने ती इच्छा ओळखली आणि वीसएक वर्षं सत्तेत राहिला.

दुसरा गट धनकोंचा. बँक, साउथ सी कंपनी, ईस्ट इंडिया कंपनी, लंडनचे व्यापारी, हॉलंडमधले गुंतवणूकदार, आणि बऱ्याच विधवा व अविवाहित स्त्रिया, ज्यांचं पोट या व्याजावर चालायचं. आपल्याकडचा ‘वर्षासन’ हा शब्द इथे चपखल बसतो.

आपली भाबडी समजूत अशी, की धनकोला मुद्दल परत हवं असतं. याच्या उलट उदाहरण आपल्याशी थेट संबंध असलेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं सरकारकडे ३२ लाख पौंड येणं होतं. हे कर्ज दिलं म्हणून तर तिच्याकडे पूर्वेच्या व्यापाराचा मक्ता होता. आणि अट अशी, की सरकारने मुदतीची सूचना देऊन मुद्दल फेडलं की मक्ता संपुष्टात येऊ शकतो. १७३० मध्ये काही व्यापारी पुढे आले. म्हणाले, कंपनीचे ३२ लाख आम्ही कमी व्याजावर देतो, त्यांचे पैसे टाका परत आणि व्यापार सगळ्यांना खुला करा. कंपनीने काय केलं? सरकारला उलट २ लाख पौंड दिले, व्याज ५ वरून ४ टक्क्यांवर आणायला मान्यता दिली, आणि मक्ता १७६६ पर्यंत वाढवून घेतला. आपलं कर्ज फेडलं जाऊ नये म्हणून पैसे मोजणारा सावकार! १७३० साली मुंबईच्या किल्ल्यात बसलेल्या कंपनीच्या कारकुनाची नोकरी या न फेडलेल्या कर्जावर उभी होती.

आता मीठ. मीठ म्हटलं की आपल्याला १९३० आठवतं. मी त्याच्या दोनशे वर्षं आधीचं सांगतो आहे, आणि तेही इंग्लंडमधलं. देशी मिठावर ५६ रत्तलांच्या मापामागे ३ शिलिंग ४ पेन्स कर होता, मिठाच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट. १७३० मध्ये वॉलपोलने तो काढून टाकला. कारण उघड होतं, गरिबांना खारवलेलं मांस आणि मासे हाच आधार, त्यांच्यावर हा कर सगळ्यात जड. दोनच वर्षांनी, १७३२ मध्ये, त्यानेच तो पुन्हा बसवला. कशासाठी? जमीन कर पौंडामागे १ शिलिंगावर आणण्यासाठी. समर्थन असं, की जमीनवाल्यांनी इतकी वर्षं भार सोसला, आता सगळ्यांनी थोडा थोडा उचलावा, मीठ सगळेच खातात. ‘सगळेच’ हा शब्द इथे फार लबाड आहे. लॉर्ड आणि त्याचा मोतद्दार मीठ साधारण सारखंच खातात. म्हणून तर तो कर न्याय्य नाही.

पुढचं वर्ष १७३३. जमीन कर १ शिलिंगावरच ठेवायचा, तर ५ लाख पौंडांची खोट येत होती. फेब्रुवारीत वॉलपोलने प्रस्ताव आणला, की ती रक्कम सिंकिंग फंडातून घ्यावी. ज्याची योजना, त्याचाच हात. आधीच्या काही वर्षांत नव्या कर्जांचं व्याज हळूच या निधीवर टाकलं जात होतंच, पण हे उघड होतं. विरोधक म्हणाले, हा कायदा पवित्र आहे, हा पैसा चालू खर्चासाठी नाही. त्यावर वॉलपोलने दिलेलं उत्तर मला त्या शतकातल्या सगळ्यात चतुर उत्तरांपैकी एक वाटतं. त्याचा आशय असा, की धनकोंना पैसे परत नकोच आहेत. इतका सुरक्षित ठेवा दुसरीकडे कुठे मिळणार? आता त्यांच्यात चढाओढ आहे ती आपलं मुद्दल सर्वांत शेवटी परत मिळावं याची.

आणि हे खरं होतं! कंपनीचं उदाहरण आपण पाहिलंच.

आता आमच्या विषयातला मुद्दा येतो. वचनाचा एक नियम सगळ्या नीतिशास्त्रांना मान्य आहे. ज्याला वचन दिलं, तो ते माफ करू शकतो. तुम्ही मला शंभर रुपये परत करायचं वचन दिलंत, मी म्हटलं ‘राहू द्या’, तर तुम्ही मोकळे. वॉलपोलचं म्हणणं या नियमावर उभं आहे. धनको ‘राहू द्या’ म्हणताहेत, मग वचनभंग कुठे झाला?

पण १७१७ चं वचन धनकोंना होतं का? धनकोंना दिलेलं वचन व्याजाचं होतं, आणि ते संसदेने कधीच मोडलं नाही. एका तिमाहीचंही नाही. कर्ज फेडून टाकण्याचं वचन वेगळं होतं. कर्ज फिटलं असतं तर सुटका कोणाची झाली असती? साबणाची, मेणबत्तीची, कातड्याची, म्हणजे ते कर ज्यांच्या खिशातून जात होते त्यांची. ते वचन त्यांना होतं. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं कुठे हा प्रश्नच होता, कारण सभागृहात ते नव्हते. तिसऱ्याला दिलेल्या वचनातून दुसऱ्याच्या माफीने मोकळं होण्याचा हा प्रकार आहे. ५ लाखांची उचल मला लहान वाटते, हा तर्क मोठा वाटतो.

याला विरोध म्हणून कोणी म्हणेल, आणि मागे एका श्रोत्यांनी विचारलंही होतं, की सार्वभौम संसद स्वतःला बांधून कशी घेणार? आजचा कायदा उद्या बदलता येतोच. बरोबर आहे. पुढे १७६५ मध्ये ब्लॅकस्टोनने हे स्पष्ट लिहिलं, की पुढच्या संसदेचे अधिकार आवळू पाहणारा कायदा बंधनकारक नसतो. पण मग व्याजाचा कायदा का टिकला? तोही कायदाच होता, तोही बदलता आला असता. टिकला, कारण तो मोडला असता तर पुढच्या युद्धाला पैसे कोणी दिले नसते. ह्यूम म्हणतो की वचन ही निसर्गदत्त गोष्ट नाही, माणसांनी परस्परांच्या सोयीसाठी उभी केलेली रीत आहे, आणि तिच्यामागे हितसंबंध असतो. हे त्याने १७४० मध्ये छापलं, वॉलपोल सत्तेत असतानाच. व्याजाच्या वचनामागे हितसंबंध होता. मुद्दल फेडण्याच्या वचनामागे फक्त कायद्याची भाषा होती.

मग ते करदाते गप्प बसले का? नाही, त्याच वसंतात लंडन पेटलं, पण दुसऱ्या कारणावरून. मार्चमध्ये वॉलपोलने तंबाखू आणि दारूवरची जकात अबकारी पद्धतीने वसूल करायचं विधेयक आणलं. आपल्याकडे अबकारी म्हणजे फक्त दारू. तिथे ‘एक्साइज’ म्हणजे देशांतर्गत मालावरचा कर, आणि तो घेणारा अधिकारी दुकानात, वखारीत शिरून झडती घेऊ शकायचा. पत्रकं निघाली, व्यंगचित्रं निघाली, उद्या भाकरीवरही हा कर बसेल अशी हूल उठली. सरकारचं बहुमत एका मतदानात १७ वर आलं आणि एप्रिलमध्ये विधेयक गुंडाळावं लागलं. लंडनने दिवाळी केली. अबकारी अधिकारी दारात दिसतो, त्याच्याविरुद्ध मोर्चा निघतो. निधीतून गेलेले ५ लाख कोणाच्याच दारात दिसत नाहीत. आणि तंबाखूच्या व्यापाऱ्यांना आवाज होता, हेही विसरू नका.

पुढच्याच वर्षी निधीतून १२ लाख गेले, आणि नंतर तर येणारं उत्पन्न आगाऊच खर्ची पडू लागलं. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये नेमकं टिपलं, की जुनं कर्ज फेडायला काढलेला निधी नवं कर्ज काढणं सोपं करतो. १७८६ मध्ये धाकट्या पिटने पुन्हा सिंकिंग फंड काढला, वर्षाला १० लाख पौंड, आणि या वेळी मंत्र्यांचा हात पोचू नये म्हणून वेगळे आयुक्त नेमले. त्यामागे रिचर्ड प्राइस हा धर्मोपदेशक-तत्त्वज्ञ होता. चक्रवाढ व्याजाने ख्रिस्तजन्माच्या वेळचा एक पेनी आज किती सोन्याच्या पृथ्व्यांएवढा झाला असता याचा हिशेब त्याने मांडला होता. आमच्या व्यवसायातली माणसं आकड्यांना लागली की असं होतं. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि सरकार एका हाताने महाग कर्ज काढून दुसऱ्या हाताने जुनं फेडत बसलं. त्यातला फोलपणा अॅबर्डीनचे प्राध्यापक रॉबर्ट हॅमिल्टन यांनी १८१३ मध्ये उघड केला, आणि १८२९ मध्ये ठरलं की खरोखर शिल्लक असेल तरच कर्ज फेडायचं.

मिठावरचा कर त्या युद्धात मापामागे १५ शिलिंगांपर्यंत चढला होता. तो १८२५ मध्ये गेला, मेणबत्तीवरचा १८३१ मध्ये, साबणावरचा १८५३ मध्ये. यातला एकही कर्ज फिटलं म्हणून गेलेला नाही.

इथे थांबतो. पुढच्या वेळी १७७३ चा कायदा घेऊ, जेव्हा सरकारचा हाच धनको, आपली ईस्ट इंडिया कंपनी, सरकारच्याच दारात कर्ज मागायला आली. आता प्रश्न असतील तर विचारा.